खोटा मांडव

रानशेतच्या काळीला कुणी विचारलं, की बाई तुझं लगीन कधी झालं, तर ती त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं झालंय ना? मग झालं तर." पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती. काळीच्या तोंडाला लागणं म्हणजे गांधीलमाशीच्या पोळ्यात हात घालणं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तसं पाहिलं तर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. वारली पाड्यांवर हे चालतंच. पोरगा-पोरगी एकमेकांना आवडली, घरच्यांनी मान डोलावली, की पोरगी नांदायला येते. लगीन सवडीनं लागतं. कुणाचं पोरं चालायला लागल्यावर लागतं, कुणाचं नातवंड मांडीवर घेऊन लागतं. त्यात कुणी नाक मुरडत नाही. पण लागतं सगळ्यांचं. एक ना एक दिवस दारात मांडव पडतो, बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात देवी काढतात, आणि धवलेरी येते. धवलेरी म्हणजे लगीन लावणारी बाई. आमच्याकडे या कामाला भटजी लागत नाही, ही बाईच गाण्यातून देवांना बोलावते आणि गाठ मारून देते.

काळी आणि चैत्याचा मांडव मात्र कधी पडलाच नाही. पोरगी शितल लग्नाला आली तरी नाही. काळीने विषय काढला की चैत्याला कारण सुचायचं. एका वर्षी देवाचं बघणारा भगत आजारी होता. एका वर्षी बांबूला कीड होती. एका वर्षी म्हणे पाऊस लवकर येणार होता, तो मेला आला उशिरा, पण लगीन राहिलं ते राहिलंच. जगात एवढी कारणं असतात हे काळीला चैत्यामुळे कळलं.

माणूस वाईट नव्हता हो. दारू पिऊन हात उगारणं नाही, कामाचा कंटाळा नाही. शेतीचं काम संपलं की डहाणूकडे चिकूच्या वाडीत दोघं जोडीनं मजुरीला जायची. जीपमध्ये जागा एकच असली तर तिला बसवून हा मागे लोंबकळायचा. पण लग्नाचं नाव काढलं की उठून गोठ्यात जायचा. काळीने त्याचा अर्थ लावून टाकला होता. तो अर्थ तिने कुणाला सांगितला नव्हता, पण रात्रंदिवस तो तिला टोचायचा. गाठ मारली नाही म्हणजे सोडून जायला वाट मोकळी. मला हा माणूस इतकी वर्षं तात्पुरती ठेवून घेतोय. हेच तिच्या मनात होतं, आणि म्हणूनच तिचं तोंड एवढं तिखट होतं.

मग शितलचं ठरलं. तलासरीकडचा उमेश, कारखान्यात कामाला, पोरगा सरळ. उमेशची आई बोलणी करायला आली आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "हळदीला पहिला हात कोण लावणार?"

काळीच्या पाड्याची रीत अशी, की जिच्या अंगाला स्वतःच्या लग्नाची हळद लागली नाही तिने पोरीला पहिली हळद लावायची नाही. आई असली तरी नाही. तो मान जायचा चुलत जावेकडे, धोंडीकडे. आणि धोंडी त्या वेळी दारातच उभी होती. ती म्हणाली, "त्याची काळजी नको. मी आहे ना." प्रेमानेच म्हणाली असेल, पण काळीला ते प्रेम मिरचीसारखं झोंबलं. नऊ महिने पोटात मी वाढवायची, आणि हळद लावायला धोंडी.

त्या दिवसापासून काळीला एकच ध्यास लागला. शितलच्या आधी आपलं लगीन लागलं पाहिजे. आणि चैत्या काही बधत नव्हता. "पोरीचं होऊ दे, मग आपलं बघू," म्हणाला, आणि गेला गोठ्यात.

आता या गोष्टीत रुपल येते.

रुपल डहाणूची. बापाचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ, ओळखपत्राचे आणि साखरपुड्याचे फोटो काढायचा. पोरगी बडोद्याला जाऊन मनोविश्लेषण शिकली, म्हणजे माणूस स्वप्नात काय बघतो, कशाला भितो, काय बोलता बोलता गिळतो, त्याचं शास्त्र. शिकून डॉक्टर व्हायचं सोडून परत कॅमेराच धरला. बापाने कपाळावर हात मारला. पण तिच्या फोटोंची प्रदर्शनं मुंबईला, दिल्लीला लागायची, आणि लोक एकेका फोटोसमोर खांबासारखे उभे राहायचे.

तिची रीत वेगळीच होती. ती माणसाला बाजेवर निजवायची आणि स्वतः त्याच्या डोक्यामागे बसायची. समोर नाही, मागे. माणसाने छताकडे बघत आपलं सपन सांगायचं. ही मधे मधे फक्त म्हणणार, "मग?" सगळं सांगून झालं की ते सपन ती खरोखर उभं करायची, त्याच माणसाला घेऊन, त्याच्याच कपड्यांत, त्याच्याच गावात, आणि त्याचा फोटो काढायची. खाली त्या माणसाचं नाव आणि गाव. बघणाऱ्याला वाटावं, बातमीचाच फोटो आहे. कुणी विचारलं यात खरं काय, तर म्हणायची, "माणूस खरा, जागा खरी. घडलं नाही एवढंच."

चिकूच्या वाडीत तिची काळीशी गाठ पडली. काळी बाजेवर निजली आणि तिने सांगून टाकलं, "मी चारोटीच्या हायवेवर मधोमध बसून भाकर खातेय. इकडचे ट्रक इकडे थांबलेत, तिकडचे तिकडे. कुणी हॉर्न वाजवत नाही. मी सावकाश खातेय." रुपलने बंद पडलेल्या जुन्या रस्त्यावर ओळखीचे ट्रक आणून उभे केले, आणि काळी मधोमध बसून भाकर खातेय असा फोटो काढला. काय रुबाब तिचा त्या फोटोत. तहसीलदारसुद्धा असा बसत नसेल. फोटो पाड्यावर आला तेव्हा बाया हसून हसून लोळल्या, आणि मग प्रत्येकीला आपापलं सपन आठवायला लागलं.

काळी मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात दिवा पेटला होता. तिने रुपलला गाठलं आणि थाप ठोकली. "ताई, माझ्या माणसाला लग्नाचं सपन पडतं. झोपेत बडबडतो, मांडव मांडव म्हणतो. त्याचा काढ ना फोटो." रुपलच्या डोळ्यांत एकदम चमक आली. दिल्लीच्या प्रदर्शनात शेवटची भिंत रिकामी होती, तिला अशाच एका फोटोची भूक होती.

चैत्याला काळीने सांगितलं, "खोटं लगीन आहे. फोटोपुरतं. मी हायवे अडवला का खरा? तसंच हे." चैत्या गोठ्यात गेला नाही. म्हणाला, "खोटं असेल तर येतो."

रुपल माणूस चांगली. तिने आधीच बजावलं, "चौकात देवी काढू नका, मधली जागा कोरी ठेवा. आणि धवलेरीने देवांची नावं घ्यायची नाहीत, ओठ हलवले तरी पुरे. आपण सपन करतोय, देवाला उगाच कशाला त्रास." सगळ्यांनी माना हलवल्या. पण काळी आदल्या संध्याकाळी लाडकी धवलेरीच्या घरी जाऊन आली. लाडकी म्हणजे आख्ख्या भागात जिच्या आवाजाशिवाय लगीन लागत नाही ती बाई.

"लाडके, तू पुरतं म्हणायचं. पहिल्यापासून शेवटापर्यंत. गाठ पण खरी मारायची."

लाडकीने पान चघळायचं थांबवलं. "त्याला न सांगता?"

"सांगून इतकी वर्षं काय मिळालं मला?"

लाडकी म्हणाली, "मी म्हणेन. मला अर्धं म्हणता येतच नाही. पण पाप तुझ्या माथी." काळी म्हणाली, "दे माझ्या माथी, तिथे जागा आहे." पहाटे तिने स्वतः बायकांना उठवून चौकात देवी काढून घेतली, आणि रुपल यायच्या आत त्यावर एक चादर टांगली. कुणी विचारलं तर सांगायचं, भिंत ओली आहे.

सकाळी मांडव उभा राहिला. उंबराच्या फांद्या, आंब्याचे टहाळे. पाडाभर लोक जमले. खोटं लगीन म्हणून आलेले, पण नवे कपडे घालूनच. कारखान्यातून सुट्टी टाकून उमेशही आला म्हणून शितल लाजत एका कडेला उभी होती. बायांनी काळीला हळद लावली. हात लावताना धोंडी हसत म्हणाली, "फोटोसाठी एवढी कशाला फासायची?" काळी म्हणाली, "लाव लाव, फोटोत पिवळं दिसायला पाहिजे." इतक्या वर्षांनी अंगाला लागलेली ती हळद, आणि तिच्याबद्दल खोटं बोलावं लागत होतं. तिला रडूच येणार होतं, पण तिने ते गिळलं.

फोटोआधी रुपलने चैत्याला घरात बाजेवर निजवलं आणि स्वतः त्याच्या डोक्यामागे बसली. बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. काळी कसली बाहेर जातेय. ती घराला वळसा घालून मागच्या कुडाला कान लावून उभी राहिली. कारवीच्या काड्यांची भिंत ती, आतलं कुजबुजणंही बाहेर येतं.

मग चैत्याचा आवाज आला.

"बापाचं लगीन मी बघितलंय. पाणी भरत होतो मांडवात. आई पिवळी, बाप पिवळा. दोघं पोरांसारखी हसत होती. त्याच पावसाळ्यात बापाला पान लागलं, साप चावला. गेला."

"मग?" रुपल म्हणाली.

"मग भावाचं. पोरं मोठी झाल्यावर मांडव घातला. दिवाळी बघितली नाही त्याने. वहिनी माहेरी गेली ती आलीच नाही."

"मग?"

"आमच्या घरात जो मांडवात बसतो तो वर्ष काढत नाही. मला मरायचं भ्या नाही ताई. पण सपन पडतं. मी मांडवात बसलोय, समोर काळी आहे, पिवळी. मी तिच्या हाताकडे बघतो तर हातात बांगड्या नाहीत. मोकळे हात. मग मी उठतो आणि अंधारात तिचा हात चाचपतो. बांगड्या वाजल्या की झोपतो."

काळी कुडामागे खाली बसली. हो की. किती रात्री या माणसाने असा हात चाचपला होता, आणि तिने झोपेत तो झटकून टाकला होता. काय रे तुझं, झोपू दे की मला, म्हणून. वाट मोकळी ठेवलीय म्हणून ती याला इतकी वर्षं मनात शिव्या देत आली, आणि हा वेडा तिच्या बांगड्या राखत बसला होता. तिला त्याचा असा राग आला की विचारू नका. एवढं साधं सांगायला तोंड नव्हतं का? पदराने तोंड दाबून ती तिथेच चिखलात रडली, हळदीचे ओघळ गळ्यापर्यंत आले.

लाडकी तिला शोधत मागे आली. "अगं, मांडवात चल. म्हणू ना पुरतं?"

विचार करा, किती सोपं होतं. त्याला कळणारच नाही, म्हणजे त्याला भीतीही नाही. लगीन लागेल, शितलला हळद आपल्या हाताने, धोंडीचं तोंड बंद. नुकसान कुणाचं? पण शितलच्या हळदीला तिने पहिला हात घातला की त्याला कळणारच. मग तो एकटाच बसेल भीत, वर्षभर, कुणाला न सांगता, जसा आजवर बसला. आणि ज्याने आपल्यासाठी मांडव टाळला त्यालाच मांडवात फसवून बसवायचं? काळी फाटक्या तोंडाची होती, पण असली नव्हती. हळदीला मुकावं लागलं तर लागलं. तिने डोळे पुसले आणि उठली.

मांडवात चैत्या बसला होता. डोक्याला पांढरं फडकं, गालाला हळद, हात गुडघ्यांवर. काळी समोर जाऊन बसली. रुपल तिकाटण्यावर कॅमेरा लावून वाकलेली. उन्हाचा कवडसा फांद्यांतून बरोबर दोघांच्या मधे पडला होता, आणि रुपलला तोच हवा होता. "हं, धवलेरी, सुरू करा," ती म्हणाली.

लाडकीने आवाज लावला. ओठ हलवण्यापुरता नाही, पुरता.

"लाडके, थांब," काळी म्हणाली.

रुपलने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं.

काळी चैत्याकडे बघून बोलली, सगळ्यांसमोर, आवाज न चोरता. "हे खोटं नाही. मी तुला फसवून बसवलाय. लाडकी पुरतं म्हणणार होती. त्या चादरीमागे देवी आहे. गाठ खरी पडणार होती. आता सांगितलं. उठायचं तर ऊठ, मी काही म्हणणार नाही. शितलला धोंडी हळद लावेल."

धोंडीने तोंडावर हात ठेवला. शितल रडायला लागली. काळीला वाटलं, आता हा उठणार आणि गोठ्यात जाणार. तिने मान खाली घातली नाही. जाताना बघायचंच असेल तर नीट बघू.

चैत्या उठला नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"लाडकी कधी अर्ध्यावर थांबलीय का? आणि ओल्या भिंतीला कुणी चादर लावतं का? सकाळीच उचलून बघितली मी. देवी बसलीय आत." मग जरा थांबून म्हणाला, "तू कुडामागे होतीस ते पण माहीत आहे. बांगड्या वाजत होत्या तुझ्या."

"मग आलास कशाला?" एवढंच काळीला विचारता आलं.

"खरं म्हणून बोलावलं असतंस तर पाय उचलला नसता. तू खोटं म्हणालीस, म्हणून इथपर्यंत आलो. आता आलोय, तर बसू दे." आणि तो रुपलकडे वळला. आमच्यात देवालाही तू म्हणतात, तसंच तो तिला म्हणाला, "ताई, तू मशीन ठेव. तुझ्या फोटोत घडलेलं नसतं. हे घडतंय."

रुपल तशीच उभी राहिली. तो उन्हाचा कवडसा, ती दोघं, दिल्लीची रिकामी भिंत. हात कॅमेऱ्यावरच होता तिचा, बोट जागेवर होतं. "एकच?" ती म्हणाली. मग तिने कॅमेरा काढला, पिशवीत ठेवला, पिशवीची चेन लावली आणि विचारलं, "मी कुठे बसू?"

"नवरीकडून बस," लाडकी म्हणाली, आणि चादर ओढून काढली.

त्या लग्नाचा फोटो कुठेच नाही, शोधू नका. दिल्लीची ती भिंत रुपलने दुसऱ्या कुणाच्या तरी सपनाने भरली, आणि या सपनाबद्दल तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. शितलला पहिली हळद काळीनेच लावली, धोंडीने वाटी धरली. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी लाडकीने पहिल्यापासून शेवटापर्यंत गाणं म्हटलं, जेवढे देव तेवढ्यांना बोलावलं, आणि पदराला उपरण्याची गाठ मारली. गाठ पडताना काळीने चैत्याचा हात आपल्या हातात घेतला आणि मनगटाशी नेऊन ठेवला, बांगड्यांवर.

"ऐक," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "यंदा मेलास ना, तर बघ. परत तुझ्याशी बोलणार नाही मी."

"बरं," चैत्या म्हणाला.